‘आज सुई आहे’ : साडेचार वर्षांच्या मुलीचा डे केअरमधला एक मंगळवार

मंगळवारी सकाळी आठला रुग्णालयाच्या डे केअरपाशी, म्हणजे दिवसभरात उपचार करून परत पाठवणाऱ्या वॉर्डापाशी, लिफ्टचं दार उघडलं आणि छकुलीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. ओरडली नाही. आदल्या मंगळवारी याच लिफ्टसमोर ती आईचा पदर धरून जमिनीवर लोळली होती आणि शेवटी तिला वॉर्डातल्या मामांनी उचलून आत नेलं होतं. मधल्या सात दिवसांत आम्ही काय केलं आणि त्यातलं काय फसलं, ते लिहून ठेवायला हवं असं मला वाटलं.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या कॅन्सर विभागात समाजसेविका आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलांचे अनुभव इथे एकत्र केले आहेत, घरचे तपशील बदलले आहेत. छकुली हे त्यातल्या कुणाचंच नाव नाही.

मुलगी साडेचार वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. महिनाभर येणारा-जाणारा ताप, ‘पाय दुखायलेत’ म्हणून चालायला नकार, मग हिरड्यांतून रक्त. तपासण्यांनंतर निदान झालं ए.एल.एल., म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लोक याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात. मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि दोन ते पाच या वयात तो सगळ्यात जास्त दिसतो. मायलेकी आणि आईची आई अशा तिघी ‘देवगिरी एक्सप्रेस’ने मुंबईला आल्या, धर्मशाळेत खोली मिळाली. दीड वर्षाचा धाकटा भाऊ गावी दुसऱ्या आजीपाशी राहिला. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी, त्यांना मालकाकडून सुट्टी मिळायची होती. उपचारांचा मोठा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मंजूर झाला होता. पण तीन माणसांचं मुंबईतलं जेवण, टॅक्सी आणि बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही. हे इथे लिहिते, कारण आईच्या चेहऱ्यावरचा ताण मुलीला दिसत होता आणि त्याचा अर्थ ती आपल्या परीने लावत होती.

उपचाराचा पहिला टप्पा, इंडक्शन, साधारण चार-पाच आठवड्यांचा असतो. रोज स्टिरॉइडच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिनक्रिस्टीन, अधूनमधून मांडीत अ‍ॅस्परजिनेज, आणि ठरलेल्या दिवशी पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. पाठीतलं औषध अशासाठी की मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात इतर औषधं पुरेशी पोचत नाहीत. या पहिल्या टप्प्यानंतरही उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. मी आईवडिलांना हा आकडा पहिल्याच भेटीत सांगते, आणि स्वतःलाही त्याची आठवण करून देते. दुसऱ्या आठवड्यातच मूल सुईला इतकं घाबरलं की त्याला धर्मशाळेबाहेर काढणं अवघड झालं, तर पुढची दोन वर्षं काढायची कशी? उपचार अर्धवट सोडून घरी परतणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत. त्यामागे पैसा असतो, अंतर असतं, आणि ‘लेकराचे हाल बघवत नाहीत’ हेही असतं.

दुसरी गोष्ट अशी की यातली बरीच मुलं बरी होतात. 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अशा मुलांमध्ये औषधाने काही काळ आजार मागे हटवल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा मुलांना मिळालेले ते काही महिने हीच मोठी बातमी होती. आज सगळ्या सोयी असलेल्या देशांत लहानपणच्या कॅन्सरमधून 80 टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. छकुली मोठी होण्याची चांगली शक्यता आहे. म्हणजे तिला हे दिवस आठवणार आहेत.

आता आदला मंगळवार. आईने तिला सांगितलं होतं, ‘फुगा आणायला जायचंय.’ तिथून पुढे प्रत्येक पायरीवर एक थाप: ‘डॉक्टर फक्त बघणारेत’, ‘सिस्टर फक्त पट्टी लावणारेत’. मग खोलीत चार मोठी माणसं. दोघांनी पाय धरले, एकाने खांदे, एकाने हात. सगळे एकदम बोलत होते. ‘झालं झालं’, ‘रडू नको’, ‘शहाणी ना तू’, ‘हे बघ मोबाइल’. शीर तिसऱ्या टोचणीला सापडली. पुढे पाठीच्या इंजेक्शनसाठी झोपवण्याच्या खोलीच्या दारातच तिला आईच्या कडेवरून काढून घेतलं गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या दिवशी यादीत बरीच मुलं होती आणि प्रत्येकाला लवकर उरकायचं होतं.

संध्याकाळपर्यंत ती आईशी बोलली नाही. आजीच्या हातून खाल्लं, आईच्या हातून नाही. बुधवारपासून काखेत थर्मामीटर लावू देईना, आणि या मुलांमध्ये ताप मोजणं ही साधी गोष्ट नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप 100.4च्या वर गेला तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना गाठावा लागतो. शुक्रवारी डे केअरच्या सिस्टरनीच मला बोलावलं. ‘हिच्यासाठी काहीतरी करा, आम्हालाही बघवत नाही.’

आईला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तिने माझ्यावरच प्रश्न टाकला. ‘खरं सांगितलं तर लेकरू येतंय होय मॅडम?’

प्रश्न रास्त होता. मी एवढंच म्हटलं, की खोटं सांगूनही ती आता येत नाहीये. शिवाय थाप एकदा उघडी पडली की त्यानंतर सुई नसलेले दिवसही सुईचे होतात. मुलाला वाटतं, फुगा म्हटलं तरी टोचतात, मग आंघोळ म्हणतील तेव्हाही टोचतील. भीती एका क्षणापुरती न राहता पूर्ण आठवड्यात पसरते. आईने मान हलवली, पण पटलं नसावं. ‘तुम्ही सांगा,’ ती म्हणाली, ‘माझ्या तोंडून निघायचं नाही.’

सोमवारी दुपारी धर्मशाळेच्या ओसरीवर आम्ही बसलो. माझ्याकडे एक चिंध्यांची बाहुली, सुई काढून टाकलेला कॅन्युला (औषधासाठी शिरेत ठेवतात ती बारीक नळी), सलाइनची नळी, कापूस आणि चिकटपट्टी होती. या वयाच्या मुलाला तोंडी समजावणं फारसं कामाचं नसतं, त्याच्या हातात वस्तू द्यावी लागते. छकुलीने पहिली दहा मिनिटं काहीच केलं नाही. मग नळी बाहुलीच्या हातावर ठेवली. मग दाबली, जोरात. आजी कळवळली, ‘आगं बाय, असं नको’. मी आजींना खुणेने थांबवलं. बाहुलीला तिने सात-आठ वेळा टोचलं आणि मला विचारलं, ‘हिनं काय केलंतं?’

मी म्हटलं, ‘काहीच नाही केलं हिने. हिला आजार झालाय.’

‘बाळाला चिमटा काढलाता?’

आईचा चेहरा बदलला. धाकट्या भावाला तिने खरंच चिमटा काढला होता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती, निदानाच्या थोडे दिवस आधी. चार-पाच वर्षांच्या मुलाचं जग असंच चालतं. वाईट घडलं म्हणजे मी काहीतरी केलं असणार. हे ते आपण होऊन बोलत नाही. बाहुलीच्या आडून बोललं तर नशीब.

मी सावकाश सांगितलं, ‘चिमटा काढल्याने हा आजार होत नाही. रागावल्याने होत नाही. मम्मीने केलं म्हणून नाही, तू केलं म्हणून नाही. आणि सुई ही शिक्षा नाही, ते औषध आत जायचं दार आहे.’ तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या दुपारी हाच प्रश्न तिने आणखी दोनदा विचारला आणि मी दोन्ही वेळा तेच शब्द वापरले. उत्तर बदललं की मुलाला शंका येते.

मात्र आजाराची गोष्ट तिला माझ्याकडून कळली नाही. ‘रक्तात वाईट पेशी’ हे माझे शब्द तिच्या डोक्यावरून गेले. तोवर आजी बाजूला बसून डोळे पुसत होत्या. ‘येवढुशा लेकराला काय कळतंय’, हे त्या दोनदा म्हणाल्या होत्या. त्याच मध्येच बोलल्या. ‘आपल्या रानात तण माजल्यावर खुरपावं लागतंय का न्हाई? तसं हाय बाय. तुझ्या रगतात तण झालंय. ह्ये औषध खुरपायलंय.’ छकुलीने विचारलं, ‘आणि केस?’ तिच्या उशीवर दोन दिवसांपासून केस दिसत होते. आजी म्हणाल्या, ‘खुरपताना चार ताटं ज्वारीची बी निघतेत. पुन्हा येतेत की.’

इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर चालतं, त्यात आजाराच्या पेशी जातात, तशा केसांच्या मुळांच्याही, आणि केस नंतर परत येतात, एवढं सगळं त्या दोन वाक्यांत होतं. ‘लढाई’, ‘शूर योद्धा’ हे शब्द मी मुलांपाशी वापरत नाही. लढाईत कुणीतरी हरतं, आणि रडणारं मूल मग स्वतःला हरलेलं समजतं. खुरपणीत रडायला बंदी नाही.

मग आम्ही दिवस कागदावर काढला. टॅक्सी, टोकन, सुईची खोली, वाट बघणं, झोपेची खोली, भाताची थाळी, सलाइनची छोटी पिशवी, परत टॅक्सी. आईच्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. जिथे दुखणार तिथे लाल टिकली लावायची, बाकी सगळीकडे हिरवी. छकुलीने आपल्या हाताने लावल्या. एकूण आठ चित्रं, त्यात लाल टिकली एकच. ‘एकदाच?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘एकदाच.’

ही माझी चूक होती. ती दुसऱ्या दिवशी समोर आली.

लाल टिकली एकावर आणण्यासाठी थोडं फिरावं लागलं होतं. हातात कॅन्युला घालतानाच त्यातून तपासणीचं रक्त काढायचं, म्हणजे वेगळी टोचणी नको. मांडीतलं अ‍ॅस्परजिनेज डे केअरमध्ये जागेपणी देण्याऐवजी पाठीच्या इंजेक्शनसाठी ती झोपलेली असतानाच द्यायचं. नंतर तासभर रिअ‍ॅक्शन येते का हे बघावं लागतंच, ते ती आडवी असताना होईल. डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं आणि लगेच होकार दिला. अशा विनंत्यांना नकार क्वचितच मिळतो. आधी कुणी विचारलेलं नसतं, इतकंच. भूल देणाऱ्या मॅडमना दोन गोष्टी विचारल्या. मूल झोपेपर्यंत आईला आत थांबता येईल का, आणि हिला यादीत वर घेता येईल का. कारण उपास.

या उपासाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण त्या दिवसाचा सगळ्यात अवघड भाग सुई नव्हता. स्टिरॉइडवरच्या मुलाची भूक ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती कळणार नाही. मूल रात्री दोनला उठून भात मागतं. जेवत असतानाच पुढचं जेवण मागतं. गाल सुजतात, चिडचिड होते, एका मिनिटात हसणं आणि पुढच्या मिनिटात थैमान. या मुलाला भुलेसाठी उपाशी ठेवायचं असतं, कारण पोटात अन्न असेल तर झोपेत उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यावर तडजोड नाही. पण नियम आहे जेवण आणि दुधासाठी सहा तासांचा, आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी दोन तासांचा. सगळीकडे सरसकट सांगितलं जातं, ‘रात्री बारानंतर काही देऊ नका’. मग नंबर दुपारी एकला लागला तर मूल तेरा तास उपाशी.

आम्ही हिशेब मांडला. प्रक्रिया दहाला धरली. आजी पहाटे साडेतीनला उठल्या, मऊ भात आणि वरण, तूप न घालता, कारण तुपकट अन्न पोटात जास्त वेळ राहतं. आठच्या आत साखरपाणी. बिस्किट, चहा, दूध, काहीही नाही, आणि पिशवीतला खाऊ धर्मशाळेतच ठेवायचा. आजींच्या पदराच्या गाठीत तरीही एक बिस्किटाचा पुडा निघाला. त्यांनी तो स्वतःहून माझ्या हातात दिला. ‘हात जाईल माझा,’ म्हणाल्या.

मंगळवारी पहाटे उठल्यावर आईने तिला पहिलं वाक्य काय सांगायचं हे आम्ही ठरवलं होतं. ‘आज सुई आहे.’ आईने ते सांगितलं. मुलगी रडली, बराच वेळ रडली, आणि मग तिने विचारलं, ‘कागद कुठंय?’ हे मला नंतर आईने सांगितलं.

साडेसातला धर्मशाळेतून निघताना दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिकची पट्टी लावली होती. या मलमाला चांगला तासभर लागतो, दहा मिनिटं आधी लावून उपयोग नसतो. गर्दीच्या दवाखान्यात ते बहुतेकदा याच कारणाने वापरलं जात नाही. म्हणून ते आईच्या हातात देणं बरं.

नऊला सुईची खोली. या वेळी तिला पलंगावर आडवं केलं नाही. आई खुर्चीत बसली, छकुली आईकडे तोंड करून मांडीवर, दोन्ही पाय आईच्या कमरेभोवती, डावा हात आईच्या काखेखालून मागे टेबलावर. आईने घट्ट कवळून धरलं की हात आपोआप स्थिर होतो, आणि मुलाला ती मिठी वाटते. कुठला हात, हे तिने ठरवलं. खोलीत सिस्टर, आई, मी. बोलायचं एकट्या आईने. मी साबणाचे फुगे आणले होते, पण आईने ते बाजूला सारले आणि म्हणाली, ‘भाकर लई गरम हाय, फुंकर घाल.’ छकुली आईच्या खांद्यावरून फुंकर घालत राहिली. सिस्टरने सांगून टोचलं. ती किंचाळली, पण हात हलला नाही.

शीर फुटली. स्टिरॉइडने सुजलेला हात, मलमामुळे थोडी आकसलेली शीर. असं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण ‘एकदाच’ हा माझा शब्द होता. आईच्या ओठांवर ‘झालं हं झालं’ आलेलं मला दिसलं. मी खाली बसले, छकुलीच्या डोळ्यांच्या पातळीला. ‘मी चुकले. मी एकदाच म्हणाले होते. या शिरेत औषध जाणार नाही. आणखी एकदा टोचावं लागेल.’

‘मग अजून किती?’

‘ते मला सांगता येत नाही. सिस्टर एकदा बघतील. नाही जमलं तर थांबायचं, आणि दुसऱ्या सिस्टरना बोलवायचं.’

ती माझ्यावर चिडली, मला हाताने ढकललं. मी सरकले. पाच मिनिटं थांबलो. दुसरा हात कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवला, म्हणजे शिरा वर येतात, आणि प्लॅस्टिक काढून मलम पुसून टाकलं. खरं तर दोन्ही हातांचं प्लॅस्टिक दहा मिनिटं आधीच काढायला हवं होतं, म्हणजे आकसलेली शीर पूर्ववत होते. घाईत ते राहून गेलं होतं. दुसऱ्यांदा शीर मिळाली, त्यातूनच रक्त काढलं. सगळं मिळून अकरा मिनिटं. आदल्या आठवड्यात पंचवीस लागली होती. ती दोन्ही वेळा रडली, मोठ्याने रडली, आणि ते आम्हाला चाललं. आधीच सांगितलं होतं, ‘रड, ओरड, हात तेवढा दगडासारखा ठेवायचा.’ सिस्टर तिला म्हणाल्या, ‘हात किती छान स्थिर ठेवलास.’ ‘रडली नाहीस, शहाणी’ असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण ते खरं नव्हतं.

बाहेर आल्यावर छकुलीने कागद मागितला आणि सुईच्या चित्रावर आणखी एक लाल टिकली लावली. माझ्याकडे बघितलंही नाही.

काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, सव्वादहाला आले. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 64 हजार, पाठीच्या इंजेक्शनला पुरेसे. पांढऱ्या पेशी कमी, म्हणून मास्क आणि गर्दीपासून दूर. पण आमच्या आधी एका मुलाला वेळ लागला आणि दहाचे पावणेबारा झाले. या वेळाचं फार लिहिण्यासारखं नाही, तो फक्त काढावा लागतो. भूल देणाऱ्या मॅडमना विचारून साडेनऊला थोडं पाणी दिलेलं होतं, ते बरं झालं. शेजारच्या बाकावर कुणीतरी डबा उघडला तशी आम्ही जागा बदलली. ती आजीच्या पोटावर डोकं ठेवून ‘भात, भात’ म्हणत कण्हत होती. आजी जात्यावरच्या ओव्या गुणगुणत होत्या, अगदी हळू, एकसारख्या. मी तिथून उठून गेले. तिला त्या वेळी माझी गरज नव्हती.

पावणेबाराला नंबर लागला. आई आत गेली. आईला मी आधी सांगून ठेवलं होतं की औषध गेल्यावर मूल क्षणात लुळं पडतं, डोळे अर्धवट उघडे राहू शकतात, बुबुळं हलतात, आणि ते पाहून धसका बसतो. पूर्वी एका आईला हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि ती दारात कोसळली होती. छकुलीची आई बाहेर आली तेव्हा थरथरत होती, पण तिच्या पायांत बळ होतं. ‘माझं बोट धरूनच झोपली,’ म्हणाली.

पाठीत मेथोट्रेक्सेट, मांडीत अ‍ॅस्परजिनेज, दोन्ही झोपेत. सव्वाबाराला जाग आली, बडबड, रडं, ‘दोन मम्म्या दिसायल्यात’. ते औषधाने होतं, थोड्या वेळात जातं. एकपर्यंत सपाट झोपवून ठेवलं. पाठीवरची पट्टी हाताला लागताच तिने विचारलं, ‘हे काय?’ आईने सांगितलं, ‘तू झोपलीस तेव्हा पाठीत औषध दिलं. मांडीत पण दिलं. कागदावर होतं ना.’ मी दूर उभी होते. ‘माझ्या तोंडून निघायचं नाही’ म्हणणारी बाई, न अडखळता सांगत होती. मग आधी पाण्याचे घोट, मग भात. तीनदा वाढून घेतला. त्या जेवणाबरोबर सकाळची राहिलेली स्टिरॉइडची गोळी, डॉक्टरांना विचारून, कुस्करून मधात.

अडीचला व्हिनक्रिस्टीन. हे औषध सदाफुलीतून मिळतं. अंगणात, देवळाच्या कडेला, कुठेही उगवणारी तीच गुलाबी सदाफुली. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आमच्या दारात हाय की.’ मला लगेच सांगावं लागलं की तिचा पाला किंवा काढा घरी द्यायचा नाही, ते विष ठरू शकतं. हे औषध शिरेतच जायला हवं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जीव घेतं. म्हणून ते सिरिंजमध्ये न ठेवता सलाइनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पाठीच्या इंजेक्शनच्या खोलीत ते जाऊच नये अशी व्यवस्था असते. दोन सिस्टरनी नाव, फाईल नंबर, औषध मोठ्याने वाचलं. आईवडिलांनी ते वाचन कान देऊन ऐकावं. त्यांचा तो हक्क आहे.

व्हिनक्रिस्टीन शिरेबाहेर झिरपलं तर कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून मी छकुलीला आधीच सांगितलं होतं, ‘हात जळजळला, दुखला, तर लगेच सांगायचं. ओरडलीस तरी चालेल. सिस्टर थांबतील.’ पिशवी सुरू झाली. तीन-चार मिनिटं झाली असतील, ती म्हणाली, ‘दुखायलंय.’

आवाज बारीक होता. आई म्हणाली, ‘नाही गं, काही नाही होत’, सवयीने. पण सिस्टर उठल्या आणि त्यांनी सलाइन बंद केलं. ताबडतोब. हात उजेडात घेतला, सूज आहे का, लाली आहे का, बोटाने दाबून पाहिलं, रक्त मागे येतंय का पाहिलं. शीर नीट होती. चिकटपट्टीने हातावरची लव ओढली जात होती. सिस्टरनी पट्टी सोडवून नव्याने लावली आणि विचारलं, ‘आता?’

छकुलीने हाताकडे पाहिलं. सिस्टरकडे पाहिलं. ‘आता नाही.’

‘सुरू करू?’

तिने मान हलवली आणि सिस्टरनी ती मान हलल्यावरच चावी उघडली. जेमतेम दोन मिनिटं गेली असतील. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वात मोठं काम या दोन मिनिटांत झालं. गेले पंधरा दिवस ती ओरडत होती आणि माणसं थांबत नव्हती, थांबता येत नव्हती. आता ती हळू बोलली आणि औषध थांबलं. पुढची पंधरा मिनिटं ती पिशवीतले थेंब बघत बसली. पिशवी संपल्यावर तिने सिस्टरला थर्मामीटर लावू दिला. तो कागदावर नव्हता.

सगळं जमलं असं नाही. चार वाजता टॅक्सीची वाट बघताना तिने आईला चावलं, मग आजीला मारलं, मग फूटपाथवर बसली. स्टिरॉइड, थकवा, भूक, सगळंच. आईने एक फटका उगारला आणि थांबली, आणि मग तीही रडली. तिचं धाकटं लेकरू पाचशे किलोमीटरवर होतं आणि सकाळपासून तिने स्वतः काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दिवसाच्या आराखड्यात आईच्या जेवणासाठी मी जागा ठेवली नव्हती. आता ठेवते.

घरी जाताना आईला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. व्हिनक्रिस्टीनने शौचाला घट्ट होतं, तेव्हा दिलेलं पातळ औषध रोज द्यायचं, दोन दिवस शौचाला झाली नाही तर फोन करायचा. जबडा दुखतो, तेव्हा ती खायला नाही म्हणाली तर तो हट्ट समजू नये. चालताना पाय ओढायला लागली तर सांगावं. शुक्रवारी फोन आला तो जबड्यासाठी. आई म्हणाली, ‘ती सांगायलीय दुखायलंय म्हणून. मी आधी ताप बघितला, काखेत. लावू दिला.’

वडील त्याच रविवारी येणार होते. फोनवर ते मुलीला सारखं विचारत, ‘रडली नाही ना माझी वाघीण?’ आणि ती गप्प होत असे. आईने मला विचारलं, तुम्ही त्यांना सांगाल का. मी म्हटलं, सांगेन, पण तुम्ही सांगितलेलं त्यांना जास्त पटेल. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या मंगळवारी मी रजेवर होते. माझ्या जागी येणाऱ्या सहकारी मैत्रिणीसाठी फाईलच्या आतल्या पानावर ही नोंद केली:

‘पहाटे साडेतीनला भात, आठच्या आत साखरपाणी. मलम साडेसातला, सुईच्या दहा मिनिटं आधी पुसावं. हात ती निवडेल. आईच्या मांडीवर, एकट्या आईचा आवाज. झोपेपर्यंत आई आत. मांडीचं इंजेक्शन असल्यास झोपेत. दुखतंय म्हणाली तर थांबवून बघावं, दर वेळी. सकाळी “आज सुई आहे” एवढंच सांगायचं, किती ते सांगू नये. वडील नवीन आहेत, त्यांना आधी बाहुली दाखवावी. आई जेवली का ते विचारावं. टिकल्यांचं पाकीट आईच्या पर्समध्ये आहे, लाल टिकल्या संपत आल्यात.’